पेन्सिलीच्या आधी कान

शिशुवर्ग सुरू होऊन महिना उलटत नाही तोच मुलाच्या दप्तरात दुरेघी वही येते. पानाच्या पहिल्या ओळीत बाईंनी ठळक 'ग' काढून दिलेला असतो आणि खालच्या सगळ्या ओळी मुलाने भरायच्या असतात. साडेतीन-चार वर्षांचे ते मूल पेन्सिल मुठीत आवळून धरते आणि ओळीमागून ओळ ओढत जाते. तिसऱ्या ओळीपासून काना कलू लागतो, पाचव्या ओळीत 'ग'चा 'रा' झालेला असतो. काही हुशार मुले तर आधी पानभर नुसते काने ओढून घेतात आणि मग एकेका कान्याला डावीकडचे वळण चिकटवत सुटतात. काम लवकर उरकते, लाल शाईतला तारा मिळतो, घरी कौतुक होते. पण कान्यांची ही रांग लावणाऱ्या मुलाने 'ग' लिहिलेला नसतो, त्याने एक नक्षी काढलेली असते. तिचा 'गाय' किंवा 'गवत' म्हणताना तोंडातून निघणाऱ्या आवाजाशी संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. वाचन-लेखनाची खरी सुरुवात आवाज, शब्द आणि गोष्ट यांपासून होते. बहुतेक बालवर्गांच्या वेळापत्रकात मात्र या साऱ्याला 'खेळ' म्हणून शेवटचा अर्धा तास मिळतो, तोही वही पूर्ण झाली तर. हा क्रम उलटा आहे, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे. तो उलटा का, याची कारणे मराठीच्या लिपीत आहेत, संशोधनात आहेत आणि महाराष्ट्राच्या बालशिक्षणाच्या इतिहासातही आहेत.

आधी लिपी पाहू. देवनागरी जशी बोलतो तशी लिहितो, म्हणून ती सोपी, असे आपण अभिमानाने सांगतो. मोठ्यांसाठी ते बरेचसे खरेही आहे. पण चार वर्षांच्या मुलाला 'पाटी' हा शब्द तोडून टाळ्या वाजवायला सांगा. ते दोन टाळ्या वाजवेल, आणि लिहिताना अक्षरेही दोनच. आता 'कमळ' सांगा. पुन्हा दोनच टाळ्या पडतील, क-मळ, पण अक्षरे तीन. 'घर' म्हणताना टाळी एक, अक्षरे दोन. शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण उच्चारत नाही, पण लिपीत तो गृहीत असतो. आपली परंपरा मात्र काना-मात्रा नसलेल्या शब्दांपासून सुरुवात करते. छगन, मगन, बदक, मगर, नळ, घर अशी ती ठरलेली मिरवणूक. हे शब्द डोळ्यांना सोपे असले तरी कानाला ते अवघडच आहेत. 'घ' आणि 'र' वेगवेगळे म्हणणाऱ्या मुलाला 'घ-र' ऐकू येते, 'घर' नाही. या दोहोंमधली उडी त्याने 'घर' हा शब्द आधी शेकडो वेळा ऐकला असेल तरच त्याला मारता येते.

ऱ्हस्व वेलांटीची गंमत आणखी वेगळी. 'किडा' वाचताना डोळ्यांना आधी वेलांटी भेटते आणि मग 'क', तोंडाला मात्र आधी 'क्' म्हणायचा आणि मग 'इ'. 'चार' आणि 'चारा' यांत अक्षर एकच, उच्चार दोन. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतला 'ज' वेगळा आहे हे भिंतीवरच्या तक्त्याला माहीत नसते. त्या तक्त्यावर 'च चमच्याचा' एकदाच असतो. कोणता 'च' कुठे, हे ठरवायला मुलाकडे एकच साधन आहे: तो शब्द त्याच्या कानांत आधीपासून असणे. ज्या मुलाच्या कानांत शब्दांचा साठा मोठा, त्याला अर्धवट उच्चारलेल्या अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. ज्याचा साठा लहान, त्याची अक्षरे पाठ होऊनही सुटीच राहतात. अक्षरओळख झाली पण वाचता येत नाही, ही पहिली-दुसरीच्या शिक्षकांची नेहमीची तक्रार. तिचे मूळ बरेचदा इथे असते.

कान तयार करण्याचा आणि वाचनाचा संबंध केवळ तर्काचा नाही. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी १९८३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांच्या, अजून वाचू न लागलेल्या सुमारे ४०० मुलांना त्यांनी गटात न बसणारा शब्द ओळखायला सांगितले. मराठीत करायचे तर माळ, टाळ, जाळ, पान यांतला वेगळा कोणता, असा तो खेळ. या खेळात जी मुले पुढे होती, ती काही वर्षांनी वाचनातही पुढे निघाली. पण संशोधक तिथेच थांबले नाहीत. या खेळात मागे असलेल्या ६५ मुलांचे त्यांनी चार गट केले. एका गटाला चित्रांवरून शब्दांचे आवाज जुळवायला शिकवले. दुसऱ्याला आवाज जुळवणे आणि त्याच वेळी प्लॅस्टिकची अक्षरे हाताळून तो आवाज दाखवणे, असे दोन्ही दिले. तिसऱ्याला तीच चित्रे अर्थावरून लावायला सांगितली आणि चौथ्याला काहीच शिकवले नाही. वाचन आणि शुद्धलेखनात स्पष्टपणे पुढे गेला तो दुसरा गट, आवाज आणि अक्षर एकत्र खेळलेला. नुसत्या आवाजाशी खेळलेला गट त्याच्या मागे राहिला. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंच्या हट्टी माणसांना अडचणीत आणतो. आवाजाशी नाळ तुटलेले अक्षर जसे लंगडे, तसाच अक्षरापर्यंत कधी पोचतच नसलेला खेळही अपुरा.

हा अभ्यास इंग्रजीतला, आपल्याला तो कितपत लागू, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. भारतीय लिपींचा प्रश्न इंग्रजीहून वेगळा आहे. इंग्रजीत अक्षरे २६, आपल्याकडे व्यंजनांना स्वरचिन्हे लागून आणि जोडाक्षरे धरून शेकडो आकृत्या. कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी दाखवले, की या आकृत्या आत्मसात व्हायला पहिले वर्ष पुरत नाही, ते काम पुढच्या इयत्तांपर्यंत चालते. मराठीबाबतही वेगळे असण्याचे कारण नाही. म्हणजे वाचनातल्या 'गंमती'साठी सगळी बाराखडी संपण्याची वाट पाहायची, तर मुलाला तीन-चार वर्षे तिष्ठत ठेवावे लागेल. प्रत्यक्षात तसेच होते. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी सलग तीन वर्षे मुलांचे वाचन-लेखन तपासले. वर्गातला वेळ अक्षरे आणि सुटे शब्द यांतच जातो; अर्थाची चर्चा, मुलांचे स्वतःचे अनुभव आणि त्यांनी स्वतः काही लिहिणे याला जागाच नसते, हे त्यांना दिसले. एवढा वेळ अक्षरांना देऊनही अनेक मुले तिसरीच्या अखेरीस साधा परिच्छेद धड वाचू शकत नव्हती. अक्षरांवर सगळी भिस्त ठेवून अक्षरेही पदरात पडली नाहीत.

मग खेळातून अक्षरशिक्षण म्हणजे नेमके काय करायचे? महागडे साहित्य लागत नाही. मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या केल्या, की रोज सकाळी हजेरी हाच खेळ होतो. ताई चिठ्ठी वर धरते, मुले ओळखतात. 'सायली'चा आणि 'सागर'चा 'सा' सारखाच दिसतो, हे कुणीतरी ओरडून सांगते आणि बाराखडीतली एक आकृती कुणी न शिकवता पक्की होते. भातुकलीत दुकान मांडले, की बिस्किटांचे, मिठाचे, चहाचे रिकामे पुडे जमवता येतात, त्यांवरची नावे मुले चित्र ओळखावे तशी आधी ओळखतात. दुकानदार झालेले मूल गिऱ्हाइकाला 'बिल' म्हणून कागदावर आडव्या-तिडव्या रेघा ओढून देते. डॉक्टर झालेले मूल औषध लिहून देते. (खऱ्या डॉक्टरांच्या अक्षराशी त्याचे साम्य असतेच, पण ते जाऊ द्या.) मोठ्यांना त्या रेघोट्या वाटतात, मुलाला मात्र एक फार मोठी गोष्ट उमगलेली असते: कागदावर केलेल्या खुणा कुणाला तरी काहीतरी सांगतात. ज्याला हे कळले त्याच्यासाठी 'ग' गिरवण्याला अर्थ येतो. ज्याला कळले नाही तो कान्यांची रांग लावत बसतो. ठिपक्यांच्या रांगोळीत, चिंचोके वेचण्यात, मातीच्या वळकट्या करण्यात बोटांची जी तयारी होते तीच पुढे पेन्सिलीला कामी येते, आणि चार वर्षांच्या हाताला ती पेन्सिलीपेक्षा झेपते.

या सगळ्यात सर्वांत मोलाची कृती कोणती, असे विचारले तर मी गोष्ट म्हणेन. मोठ्याने, पुस्तक हातात धरून, चित्र दाखवत, थांबत वाचलेली. आणि तीच गोष्ट पुन्हा, आणि पुन्हा. पाचव्यांदा वाचताना ताईने मुद्दाम एक शब्द चुकवला तर सगळा वर्ग तिला सुधारतो, तेव्हा मुले ऐकत कशी असतात ते कळते. पुस्तकातली भाषा बोलीहून वेगळी असते. 'इतक्यात', 'तेवढ्यात', 'मात्र', 'जणू' असले शब्द, लांब वाक्ये, एका प्रसंगाने दुसरा घडणे, हे सारे मुलाला घरच्या बोलण्यात क्वचित भेटते. ते कानांवरून गेले असेल तर तिसरीचा धडा परका वाटत नाही.

मात्र 'खेळातून शिक्षण' हे शब्द आता इतके स्वस्त झाले आहेत, की त्यांच्यापासून सावध राहावे लागते. भिंतीवर कार्टून, अंगणात प्लॅस्टिकची घसरगुंडी, माहितीपत्रकावर हसरी मुले आणि आत तीच दुरेघी वही, अशी दुकाने प्रत्येक शहरात आहेत. दुसऱ्या टोकाला, मुलांना मोकळे सोडले की ती आपोआप शिकतात, असे मानणारा एक भाबडा वर्ग आहे. बोलणे मूल आपोआप शिकते, वाचणे नाही. लिपी ही माणसाने केलेली वस्तू आहे, ती कुणीतरी दाखवावी लागते. आठ वर्षांखालील मुलांवरच्या ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्यांनी हेतू ठेवून मार्गदर्शन केलेला खेळ आणि थेट शिकवणे यांची त्यात तुलना होती. सुरुवातीचे गणित, आकारांची ओळख अशा बाबतींत मार्गदर्शित खेळ सरस ठरला. वाचन-लेखनाबाबत तसा ठळक विजय दिसला नाही. खेळाची बाजू मांडणाऱ्यांनी हे लपवू नये. माझा युक्तिवाद खेळ शिकवण्याला हरवतो असा नाहीच. आवाज, शब्द, अर्थ आणि लिहिण्यामागचा हेतू हा वाचनाचा जो अर्धा भाग वही गाळते, तो या वयात खेळ, गप्पा आणि गोष्ट यांशिवाय दुसऱ्या मार्गाने देता येत नाही, असा तो आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे अक्षरे, पाच-सहा वर्षांच्या आसपास क्रमाने आणि स्पष्टपणे शिकवावीच लागतात. घरी पुस्तके नसलेल्या मुलांना तर जास्तच काळजीने.

हे काही परदेशातून आयात केलेले खूळ नव्हे. 'धुळाक्षरे' हा शब्द मराठीतच आहे. धूळपाटीवर बोटाने अक्षर काढणे, पुसणे, पुन्हा काढणे यात चुकीची भीती नव्हती आणि मुठीत आवळायची पेन्सिलही नव्हती. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला तो विचार गावात नेला. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यावी, हे त्यांना सुचले आणि त्यातून 'अंगणवाडी' उभी राहिली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी खडे, बिया, पाने, मणी अशा परिसरातल्या वस्तूंतून शिक्षणसाहित्य घडवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. शब्द पोचला, पण त्यामागची रीत वाटेत बरीच सांडली.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत आवडता: आम्ही बाराखडी घोकूनच शिकलो, आमचे काय बिघडले? हे म्हणणारे सगळे शिकलेले असतात, यातच उत्तर आहे. घोकंपट्टीने ज्यांना काही आले नाही, जे तिसरी-चौथीतून गळाले, ते हा आक्षेप घ्यायला वर्तमानपत्र हातात घेत नाहीत. शिवाय जे शिकले त्यांच्या घरात आजीच्या कहाण्या, उखाणे, कोडी, भजन, भेंड्या असायच्या. कानाची तयारी घर करून देई आणि शाळेला फक्त अक्षर चिकटवायचे राही. श्रेय मात्र बाराखडीने घेतले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाचनाची स्थिती आधीच वाईट असताना खेळाचे लाड कशाला? 'असर' या ग्रामीण भागातल्या सर्वेक्षणानुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये देशात २०.९ टक्के होती. करोनानंतर २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आली. सुधारणा आहे, पण चारातली तीन मुले अजूनही मागेच. म्हणून अक्षरे आणखी लवकर, आणखी जोरात, असा निष्कर्ष अनेकजण काढतात. पण ही मुले खेळत बसल्यामुळे मागे पडलेली नाहीत. त्यांच्यातली बहुतेक अक्षरे घोकतच तिसरीत आली आहेत. जे औषध लागू पडले नाही त्याची मात्रा वाढवून काय होणार? केंद्राने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' मोहिमेने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे लक्ष्य ठेवले. त्यात 'समजून' हा शब्द मुद्दाम आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो खोटा नाही. पहिलीच्या बाई मुलाला लिहिता येते असे धरून चालतात, मग आमचे मूल मागे पडले तर? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास बंदी घातली आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या वयात परीक्षा सर्वस्वी अयोग्य ठरवल्या आहेत. कागदावर सगळे ठीक आहे, पण खाजगी बालवर्गाला पहिलीच्या वर्गाची भीती आहे आणि पहिलीला दुसरीची. ही साखळी पालक तोडू शकत नाहीत. ती पहिलीच्या वर्गातून तोडावी लागेल: मूल लिहायला शिकण्यासाठी पहिलीत आले आहे, असे धरून तिथले पहिले तीन महिने आखले तर खालच्या वर्गांवरचा दाब आपोआप उतरेल.

आणि चौथा आक्षेप, ज्याला माझ्याकडे चटपटीत उत्तर नाही. अंगणवाडी ताईने हे करायचे कधी? वजने, आहार, लसीकरणाच्या नोंदी, मोबाइलमधली 'पोषण ट्रॅकर'ची माहिती, घरभेटी आणि अधूनमधून येणारी सर्वेक्षणे. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत, 'आकार'सारखा चांगला बालशिक्षण अभ्यासक्रमही आहे. पण गोष्ट वाचायला लागणारी वीस शांत मिनिटे त्यात कुणी राखून ठेवलेली नाहीत. प्रशिक्षणाचे आणखी एक पुस्तक छापण्याऐवजी रोजचे दोन तास शिक्षणाशिवाय दुसरे काम सांगायचे नाही, एवढा एक आदेश निघाला आणि पाळला गेला तर फरक दिसेल. पाड्यावरच्या ताईला तर दुप्पट काम आहे. मूल वारली, कोरकू किंवा गोंडी बोलत असेल तर आवाजाचे खेळ त्या भाषेतच सुरू व्हायला हवेत. कानाची तयारी परक्या भाषेत होत नाही. हीच गोष्ट मराठी घरातून आलेल्या आणि तिसऱ्या वर्षी इंग्रजी बडबडगीते पाठ म्हणून दाखवणाऱ्या शहरी मुलालाही लागू आहे, फक्त तिथे ती कुणाला उणीव वाटत नाही.

जूनमध्ये बालवर्गांच्या पालकसभा होतील. वह्या टेबलावर मांडलेल्या असतील. त्या उघडण्याआधी बाईंना एवढे विचारा: वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी गोष्टींची पुस्तके किती आहेत, आणि काल त्यांतले कोणते वाचले?